टायनी बेसिकमधून ओळ क्रमांक काढून टाकू का?

अर्धाबाइट:

नमस्कार मंडळी. गेले दोन महिने रात्री घर झोपलं की मी टायनी बेसिक या छोट्या प्रोग्रॅमिंग भाषेचा एक इंटरप्रिटर, म्हणजे ओळ वाचून लगेच चालवणारा प्रोग्रॅम, लिहीत बसतो. लिहितोय सी मध्ये आणि आजच्याच मशीनवर, पण नियम १९७६ सालचे. ए ते झेड एवढीच सव्वीस व्हेरिएबल्स, फक्त पूर्णांक, तेही उणे ३२,७६८ ते ३२,७६७ मधलेच, आणि एकुलता एक अ‍ॅरे. प्रिंट, इनपुट, इफ, गोटू, गोसब, फॉर-नेक्स्ट सगळं चालतंय.

आता एक गोष्ट खुपायला लागलीय, ते दहा, वीस, तीस असे ओळ क्रमांक. माझा एडिटर ओळी आपोआप मोजून दाखवतो, मग प्रोग्रॅमच्या आतही आकडे कशाला? ते काढून गोटूसाठी, म्हणजे अमुक ओळीवर उडी मारायच्या सूचनेसाठी, नावाची लेबलं द्यावीत असं मनात आहे. ऑफिसातल्या एकीने माझा स्क्रीन बघून विचारलं, "हे काय, पावतीपुस्तक?" तेव्हापासून तर जास्तच खुपतंय.

त्यावरून एक प्रश्न पडला. अल्गोल १९६० चा, पास्कल १९७० चा. म्हणजे १९७५ मध्ये अल्टेअर हे हौशी लोकांचं कॉम्प्युटर आलं तेव्हा नीटनेटक्या भाषा जगात होत्याच की. तरी त्या हौशी लोकांनी बेसिकच का उचललं? त्यांना दुसरं काही माहीतच नव्हतं का?

जाता जाता, खालचा प्रोग्रॅम पापणी लवते न लवते तोच "जागा संपली" म्हणून मरतो. माझ्या सी मध्ये कुठेतरी मेमरी गळतेय, शोधतोच आहे. त्याकडे दुर्लक्ष केलंत तरी चालेल.

१० फॉर आय=१ टू १००
२० इफ आरएनडी(१०)=७ गोटू १०
३० नेक्स्ट आय
४० गोटू १०

पाचवा_खटका:

काढू नका. हे झालं उत्तर, आता पाल्हाळ.

ओळ क्रमांक म्हणजे बेसिकचा एडिटर. तो काढलात की तुम्हाला दुसरा एडिटर लिहावा लागेल, आणि त्या काळच्या मशीनवर तो ठेवायला जागाच नव्हती.

समोर काय असायचं ते डोळ्यांपुढे आणा. टेलिटाइप मॉडेल ३३. सेकंदाला दहा अक्षरं, सगळी कॅपिटल, कागदाच्या रोलवर खडखड छापणारी. पडदा नाही, कर्सर नाही, आणि छापलेलं अक्षर काही कागदावरून परत येत नाही. मग तिसावी ओळ दुरुस्त कशी करणार? ३० लिहून नवी ओळ टाइप करायची, की जुनी गेली. ओळ काढायची तर नुसतं ३० लिहून रिटर्न. वीस आणि तीसच्या मध्ये काही घुसवायचं तर २५. दहा-दहाच्या उड्या त्याच्यासाठी.

आता हेच इंटरप्रिटरच्या बाजूने बघा. टाइप केलेल्या ओळीच्या सुरुवातीला आकडा आहे का? असेल तर योग्य जागी साठवून ठेव, नसेल तर आत्ताच चालव. एवढ्या एका फाट्यावर एडिटर मिळाला, कमांड लाइन मिळाली, आणि प्रिंट २+२ लिहिलं की कॅल्क्युलेटरही मिळाला. वर लिस्ट, रन आणि न्यू हे तीन शब्द जोडले की अख्खी ऑपरेटिंग सिस्टिम तयार. कोंड्याचा मांडा म्हणतात तो हा.

क्रमांकांची ही युक्ती हौशी मंडळींची नव्हे. केमेनी आणि कुर्ट्झ यांनी डार्टमथ कॉलेजात १ मे १९६४ ला पहाटे चार वाजता बेसिकचे पहिले प्रोग्रॅम चालवले, तेही टेलिटाइपवरच, एक मोठं मशीन अनेकांत वाटून घेऊन. गंमत म्हणजे त्यांचं बेसिक इंटरप्रिटर नव्हतंच, कंपायलर होता, म्हणजे अख्खा प्रोग्रॅम आधी मशीनच्या भाषेत उतरवणारा. ओळी क्रमाने लावून ठेवण्याचं काम टाइमशेअरिंग यंत्रणा करायची. दहा वर्षांनी मशीन टेबलावर आलं तेव्हा त्याच्यासोबत ती यंत्रणा आली नाही, आणि भाषेनेच तिचं काम अंगावर घेतलं. हे एकदा लक्षात आलं की तुमच्या "बेसिकच का" या प्रश्नाचं निम्मं उत्तर मिळतं. पास्कल भाषा म्हणून हजारपट देखणी, पण तिला एडिटर वेगळा, कंपायलर वेगळा, आणि दोघांना ये-जा करायला डिस्क लागते. सॅन डिएगोला केनेथ बोल्स यांच्या गटाने यूसीएसडी पास्कल मायक्रोकॉम्प्युटरवर आणून दाखवलं खरं, पण ते १९७९ मध्ये ॲपल टू वर आलं तेव्हा डिस्क ड्राइव्ह आणि मेमरी ६४ के (एक के म्हणजे १०२४ बाइट) पर्यंत नेणारं एक जादा कार्ड लागायचं.

आणि अल्टेअर ८८०० बरोबर किती मेमरी यायची? २५६ बाइट. के नाही, नुसत्या बाइट. आपण इथे देवनागरीत लिहितो त्यातलं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट खातं, काना-मात्रासुद्धा. म्हणजे त्या मशीनमध्ये पंच्याऐंशी चिन्हं मावली असती. माझ्या या उत्तराची पहिली ओळ बसली असती, दुसरी अर्ध्यात तुटली असती.

माझ्या टोपणनावाची चौकशी इथे बरेचदा होते, तर ती कथाही याच मशीनची. मी प्रोग्रॅमर नाही, आयुष्यभर सोल्डरिंग केलं. हातातलं काम सुटल्यावर अल्टेअरच्या पुढच्या पॅनेलची एक प्रतिकृती जोडायला घेतली. मूळ मशीनला ना कीबोर्ड ना पडदा. पुढे सोळा खटक्यांची रांग, वर लाल दिवे. एक बाइट भरायचा म्हणजे उजवीकडचे आठ खटके वर-खाली करायचे आणि डिपॉझिट नेक्स्ट दाबायचं. पुढचा बाइट, पुन्हा आठ खटके. पेपर टेप वाचणारा लोडर वीसएक बाइटांचा, म्हणजे दीडशेच्या वर खटके बघावे लागतात. हे लोक ऑक्टलमध्ये, म्हणजे ० ते ७ एवढ्याच अंकांत, विचार करायचे, त्यामुळे खटके तीन-तीनच्या गटात. उजवीकडून पाचवा म्हणजे मधल्या तिघांतला मधला, आणि माझं बोट नेमकं तोच चुकवतं. पहिल्या संध्याकाळी लोडर अकरा वेळा भरला. बाराव्यांदा दिवे नीट लुकलुकले तेव्हा मी खुर्चीतून उठून खोलीत एक चक्कर मारली.

हा अनुभव घेतल्याशिवाय कळत नाही की त्या लोकांना "एक भाषा" का हवी होती. सुंदर भाषा नको होती, खटक्यांपासून सुटका हवी होती.

अल्टेअर बेसिकची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे म्हणून पळवते. जानेवारी १९७५ च्या पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्सच्या मुखपृष्ठावर अल्टेअर आलं. हार्वर्डच्या पीडीपी-१० या मोठ्या मशीनवर पॉल अ‍ॅलनने अल्टेअरमधल्या इंटेल ८०८० चिपचं सोंग घेणारा सिम्युलेटर लिहिला, त्यावर बिल गेट्सने इंटरप्रिटर, आणि दशांशाचं गणित माँटी डेव्हिडॉफने. खरं अल्टेअर तिघांपैकी कुणी पाहिलं नव्हतं. अ‍ॅलन टेप घेऊन अल्बुकर्कीला निघाला आणि विमान उतरायला लागल्यावर आठवलं की लोडर लिहायचाच राहिलाय. तो त्याने तिथेच बसून लिहिला. दोन अधिक दोन विचारलं, चार आले. ४ के मेमरीत दशांश अपूर्णांकांसकट हे बसवलं होतं, हे मात्र मी आजही कान पकडून मान्य करते.

पण तुम्ही लिहिताय ते त्या घराण्यातलं नाही. टायनी बेसिकचं कूळ कॅलिफोर्नियातलं. तिथे बॉब अल्ब्रेक्ट यांची पीपल्स कॉम्प्युटर कंपनी होती. नावात कंपनी, काम वार्तापत्र काढण्याचं आणि शेजारपाजारच्या पोरांना कॉम्प्युटर दाखवण्याचं. स्टॅनफर्डच्या डेनिस अ‍ॅलिसन यांनी तिथे १९७५ मध्ये एका चिमुकल्या बेसिकचा आराखडा छापला. पूर्णांक, सव्वीस व्हेरिएबल्स, बाकी तुम्ही करा. वाचकांनी खरंच केलं. टेक्सासच्या टायलरमधून डिक व्हिपल आणि जॉन अरनॉल्ड यांनी पहिलं चालणारं बेसिक पाठवलं, आणि ते छापलं गेलं चक्क ऑक्टल आकड्यांच्या रांगांत. पत्रांचा ओघ एवढा वाढला की जानेवारी १९७६ पासून वेगळं मासिकच काढावं लागलं, डॉक्टर डॉब्ज जर्नल. त्याच्या मूळ नावात टायनी बेसिकची कवायत आणि दात सरळ करण्याचं शास्त्र, दोन्ही होतं. कमी बाइटमध्ये, ओव्हरबाइट (इंग्रजीत पुढे आलेले दात) टाळून. असली कोटी करणाऱ्यांचं मला कौतुक आहे.

इथे बरेच जण एक चूक करतात. म्हणतात, गेट्सने फेब्रुवारी १९७६ मध्ये "तुमच्यातले बहुतेक जण सॉफ्टवेअर चोरतात" असं खुलं पत्र लिहिलं, म्हणून रागावून लोकांनी टायनी बेसिक केलं. कालक्रम उलटा आहे. पत्र आलं तेव्हा टायनी बेसिक फिरतही होतं. पत्राने फार तर आगीत तेल पडलं.

आता माझा लाडका भाग. मे १९७६ च्या अंकात ली-चेन वांग यांचं पालो आल्टो टायनी बेसिक आलं. वरती लिहिलं होतं, "कॉपीलेफ्ट, ऑल राँग्ज रिझर्व्हड". अख्खा इंटरप्रिटर दोन के च्या आत. तुम्ही इंटरप्रिटर लिहिताय तर इतर काही वाचू नका, ते लिस्टिंग वाचा.

त्यातली एक गोष्ट सांगते. ८०८० वर सबरूटीनला, म्हणजे पुन्हा पुन्हा लागणाऱ्या तुकड्याला, हाक मारायची तर कॉल ही सूचना तीन बाइट खाते, एक सूचनेचा आणि दोन पत्त्याचे. पण या चिपमध्ये रिस्टार्ट नावाच्या आठ सूचना आहेत, एकेक बाइटच्या, ज्या ० पासून आठ-आठ बाइटांच्या अंतरावरच्या ठरलेल्या पत्त्यांवर उडी मारतात. खरं तर त्या इंटरप्टसाठी. वांग यांनी शून्य क्रमांकाची मशीन सुरू करायला ठेवली आणि उरलेल्या सात सर्वांत जास्त लागणाऱ्या कामांना वाटल्या. अक्षर छापणं, मोकळी जागा गिळणं, दोन संख्यांची तुलना, व्हेरिएबल ओळखणं, पदावलीची किंमत काढणं वगैरे. प्रत्येक हाकेमागे दोन बाइट वाचले. त्यातली पहिली हाक तर बघाच. "पुढचं अक्षर अमुक आहे का?" हे विचारायला ते अक्षर चिपमधल्या कोणत्याही रजिस्टरमध्ये, म्हणजे कप्प्यात, भरत नाहीत. हाकेच्या सूचनेच्या पाठोपाठ प्रोग्रॅममध्येच ते अक्षर लिहिलेलं असतं, आणि त्याच्या पुढच्या बाइटमध्ये "नसेल तर किती पुढे उडी मार" ते अंतर. सबरूटीन परतीचा पत्ता स्टॅकवरून, म्हणजे एकावर एक रचलेल्या नोंदींच्या चळतीवरून, उचलते, तिथलं अक्षर वाचते, आणि पत्ता पुढे सरकवून परत जाते. म्हणजे परतीचा पत्ताच प्रश्नपत्रिका! मी हे पहिल्यांदा समजून घेतलं तेव्हा पेन्सिलीने बाणांवर बाण काढून तो कागद फाटला होता.

हेच बेसिक पुढे कुठे गेलं ठाऊक आहे? टँडीने ऑगस्ट १९७७ मध्ये टीआरएस-८० आणलं, स्टीव्ह लाइनिंगर यांनी बनवलेलं, आणि त्याच्या ४ के रॉममधलं लेव्हल वन बेसिक म्हणजे वांग यांच्याच बेसिकचं वाढवलेलं रूप. दशांश आले, अक्षरांसाठी ए डॉलर आणि बी डॉलर अशी मोजून दोन व्हेरिएबल्स आली.

तुमचा बग नंतर बघते, चष्मा बदलून.

उलटे_पोलिश:

ताई, उत्तर नेहमीसारखंच रसाळ, पण "जागा नव्हती म्हणून बेसिक" हे मला पटत नाही. जागाच कमी असेल तर फोर्थ!

चार्ल्स मूर यांनी फोर्थ ही आपली भाषा दुर्बिणी चालवायला वापरली, किट पीकच्या रेडिओ दुर्बिणीवर, सत्तरीच्या सुरुवातीला. नाव खरं म्हणजे "फोर्थ", चौथ्या पिढीची म्हणून, इंग्रजी स्पेलिंगमध्ये सहा अक्षरं. पण आयबीएम ११३० फाइलच्या नावात पाचच अक्षरं घ्यायचं, म्हणून एक यू गळला. आठेक के मध्ये कंपायलर, इंटरप्रिटर, हवं तर असेंब्लरसुद्धा, आणि वेग बेसिकच्या कितीतरी पट. १९७८ पासून फोर्थ इंटरेस्ट ग्रुप वेगवेगळ्या प्रोसेसरांसाठी लिस्टिंगं वाटत होता, तीही फुकट वापरायला. बाइट मासिकाने ऑगस्ट १९८० चा अंक फोर्थला वाहिला. आणि १९८२ मध्ये तर ज्युपिटर एस नावाचं घरगुती मशीन आलं, रॉममध्ये बेसिकऐवजी फोर्थ घेऊन. बनवणारे रिचर्ड आल्टवॉसर आणि स्टीव्हन व्हिकर्स, दोघेही नुकतेच झेडएक्स स्पेक्ट्रमवर काम करून आलेले. त्यात सोर्स साठवायला जागा नाही म्हणून काय केलं? कंपाइल झालेला शब्द उलटा वाचून पुन्हा सोर्स दाखवायचा. ओळ क्रमांक शून्य, एडिटिंग व्यवस्थित.

तेव्हा "जागा" हे कारण पुरेसं नाही. माझ्या मते खरं कारण असं की "प्रिंट २+२" शेजारच्या काकूंनाही कळतं, आणि "२ २ + ." फक्त माझ्यासारख्यांना.

पाचवा_खटका:

उलटे, तुमचा मुद्दा घेतला. ज्युपिटर एसचं उदाहरण तर माझ्या दाव्याला भोकच पाडतं. पण ते १९८२ चं. तोवर पंगत उठून गेली होती.

शेजारच्या काकूंपेक्षा मी एका पुस्तकाला श्रेय देईन. डेव्हिड आल यांनी डेक या कॉम्प्युटर कंपनीत असताना १९७३ मध्ये बेसिकमधल्या एकशे एक खेळांचं पुस्तक काढलं. १९७३! अल्टेअरच्या आधी. म्हणजे मशीन यायच्या आधीच लिस्टिंगांचा ढीग तयार होता, मिनीकॉम्प्युटरवर लिहिलेला. ॲपलच्या वॉझ्निअ‍ॅकने ६५०२ चिप पंचवीस डॉलरला मिळते म्हणून ती उचलली आणि तिच्यासाठी बेसिक लिहिलं. असेंब्लर हाताशी नाही, म्हणून कागदावर सूचना लिहून शेजारी स्वतःच आकडे काढले, सगळं हाताने. का? तर त्या पुस्तकातले खेळ चालायला हवेत, हे त्याने स्वतःच सांगून ठेवलंय. दशांश लागत नाहीत म्हणून ते वगळले. त्याचंच नाव पुढे इंटीजर बेसिक.

फोर्थमध्ये असा ढीग कुणाकडे होता?

फीतवाला:

माझं अर्धं आयुष्य कॅसेटमध्ये गेलं, म्हणून दोन गोष्टी.

नोव्हेंबर १९७५ मध्ये बाइट मासिकाने कॅन्सस सिटीत बैठक घेऊन कॅसेटवर डेटा ठेवायची पद्धत ठरवली. शून्य म्हणजे १२०० हर्ट्झची चार आवर्तनं, एक म्हणजे २४०० ची आठ. वेग ३०० बॉड, म्हणजे सेकंदाला ३०० बिट. एका बाइटला सुरुवातीचा आणि शेवटचे धरून अकरा बिट, म्हणजे सेकंदाला सत्तावीस बाइट. ४ के चं बेसिक चढायला अडीच मिनिटं. एवढा वेळ ती किरकिर ऐकली की कान तयार होतो. फीत ताणली गेलीय हे मला एरर यायच्या आधी कळतं. इंटरफेस एज मासिकाने तर मे १९७७ च्या अंकासोबत पातळ प्लास्टिकची ग्रामोफोन तबकडी दिली होती, तिच्यावर ६८०० चिपसाठीचं बेसिक. तबकडी लावायची, प्लेअरची वायर मशीनला जोडायची, भाषा चढते.

दुसरी गोष्ट ओळ क्रमांकांची. एडिटर वगैरे ठीक, पण त्यांचा मोठा उपयोग माणसा-माणसांत बोलायला होता. मासिकात लिस्टिंग छापायचं, पुढच्या अंकात चूकभूल: "४२० मध्ये अधिकच्या जागी उणे वाचावे." फोनवर मित्राला विचारायचं, "तुझी ३१० वाच बघू." लेबलं ठेवलीत तर हे कसं करणार? अर्धाबाइट, तुमचाच बग बघा. मी तुम्हाला सांगू शकतो की घोडं २० वर अडलंय. का अडलंय ते ताई सांगतील.

अर्धाबाइट:

सगळ्यांचे आभार. क्रमांक ठेवतोय. पावतीपुस्तक तर पावतीपुस्तक.

ताई, वांग यांचं लिस्टिंग वाचायला घेतलं. परतीचा पत्ता प्रश्नपत्रिका हे तिसऱ्या वाचनात डोक्यात शिरलं. पण बग अजून आहे. सी मधली मेमरी तपासणाऱ्या टूलने क्लीन चिट दिली, काहीही गळत नाही. मग जागा संपते कुठे?

पाचवा_खटका:

फीतवाला यांनी बरोबर बोट ठेवलंय. गळती सी मध्ये नाही, बेसिकमध्ये आहे.

ओळ १० चालली की तुम्ही स्टॅकवर एक चिठ्ठी ठेवता: व्हेरिएबल आय, मर्यादा १००, परत जायचं ते ठिकाण. ही चिठ्ठी कोण उचलतं? नेक्स्ट, तेही आय शंभरच्या पुढे गेल्यावर. पण तुमची ओळ २० मध्येच आरएनडीने काढलेला यादृच्छिक आकडा सात आला की बाहेर उडी मारते. चिठ्ठी तशीच राहिली. ओळ १० पुन्हा येते, नवी चिठ्ठी. शंभर फेऱ्यांत एकदाही सात न येणं जवळपास अशक्य, म्हणजे जवळजवळ प्रत्येक वेळी एक अनाथ चिठ्ठी. ढीग छताला लागला की "जागा संपली".

हे मला कसं ठाऊक? मीही एक बेसिक लिहायचा प्रयत्न केला होता आणि चार दिवस मेमरी चिपला दोष देत होते. दोन चिप बदलल्यासुद्धा. बाई सोल्डरिंगवाली, तिला सगळीकडे सोल्डर दिसणार.

उपाय वांग यांच्या फॉरमध्येच आहे. नवी चिठ्ठी ठेवण्याआधी स्टॅक चाळायचा. याच व्हेरिएबलच्या नावाची जुनी चिठ्ठी सापडली तर ती काढून टाकायची आणि मग नवी ठेवायची. एकाच आय वर दोन लूप एकाच वेळी चालू असणं तसंही निरर्थक, मग जुनी चिठ्ठी शिळी असं खुशाल धरायचं. मायक्रोसॉफ्टच्या ६५०२ वरच्या बेसिकमध्येही हीच सवलत आहे. गोसबला मात्र नाही. गोसबमधून गोटूने पळालात आणि रिटर्न केलं नाहीत तर तो ढीग कुणी उचलत नाही, आणि उचलूही नये, कारण सबरूटीन स्वतःलाच बोलावत असेल तर त्या सगळ्या चिठ्ठ्या खऱ्या असतात.

तेवढ्यात आणखी एक मोह आवरा. तुम्ही म्हणाल, गोटू प्रत्येक वेळी पहिल्या ओळीपासून शोधत येतो, हे हळू आहे, एक तक्ता करू. नका करू. मायक्रोसॉफ्टचं बेसिकही ओळी एकामागोमाग चाळतच जायचं. फार तर लक्ष्य बरंच पुढचं असेल तर चालू ओळीपासून पुढे बघायचं. शिवाय गोटूच्या पुढचा आकडा अक्षरांतच साठवलेला, दर वेळी नव्याने वाचायचा. म्हणून जुन्या लिस्टिंगांत "१० गोटू १०००" असतं आणि सगळ्या सबरूटीन वरती कोंबलेल्या. लोकांना ते गचाळ लिखाण वाटतं. ती वेगाची सोय होती.

तशीच दुसरी गंमत व्हेरिएबलच्या नावांची. त्या बेसिकमध्ये नावाची पहिली दोनच अक्षरं धरत, आणि ओळ साठवताना कीवर्ड, म्हणजे भाषेचे राखीव शब्द, शोधून एका बाइटचे करत, मोकळ्या जागेची पर्वा न करता. खेळात गुण मोजायला कुणी भाबडेपणाने एस, सी, ओ, आर, ई असं नाव दिलं की इंटरप्रिटरला मधलं "ऑर" दिसायचं. एससी ऑर ई! सिंटॅक्स एरर. बेरजेला "टोटल" म्हणावं तर सुरुवातीलाच "टू". कमोडोर ६४ वाल्यांच्या लिस्टिंगांत सगळीकडे एससी आणि टीटी का दिसतं, त्याचं हे कारण. तुमच्याकडे सव्वीसच नावं आहेत, सुखी आहात.

अर्धाबाइट:

चाललं! चाळीस मिनिटं झाली, आय फिरतोय आणि स्टॅकवर कायम एकच चिठ्ठी. चार ओळींचं काम होतं आणि मी दोन आठवडे भलत्याच गळतीच्या मागे होतो.

आता शेवटचं. चुकांचे संदेश मराठीत द्यायचे आहेत. वांग यांच्याकडे फक्त तीन आहेत, त्यांचा नेमका फरक काय? माझ्याकडे सध्या चुका क्रमांक १ ते १४ आहेत.

पाचवा_खटका:

चौदा! ते तीन शब्द म्हणजे त्या लिस्टिंगमधला सर्वांत माणुसकीचा भाग. "वॉट?" म्हणजे तू काय म्हणालास ते मला कळलंच नाही, आणि ओळ छापून नेमकं कुठे कळेनासं झालं तिथे प्रश्नचिन्ह. "हाऊ?" म्हणजे कळलं, पण कसं करू? शून्याने भागायला सांगितलंस, किंवा नसलेल्या ओळीवर जायला सांगितलंस. आणि "सॉरी" म्हणजे कळलं, कसं करायचं तेही माहीत आहे, फक्त जागा नाही. सगळ्या चुका या तीनांत बसतात. टीआरएस-८० मध्येही हेच तीन शब्द तसेच राहिले.

मराठीत "काय?", "कसं?" आणि "माफ करा".

अर्धाबाइट:

घेतले. चौदाचे तीन केले, इंटरप्रिटर साठ ओळींनी आटला.

ऑफिसातल्या त्या बाईंना आज चालवायला दिला. त्यांनी पहिल्याच ओळीत "नमस्कार" लिहिलं. मशीन म्हणालं, "काय?" त्यांनी परत लिहिलं, मशीन परत म्हणालं, "काय?" त्या म्हणाल्या, अगदी आमच्या हेडक्लार्कसारखं आहे.

उलटे_पोलिश:

फोर्थ नुसतं "ओके" म्हणतं आणि पुढच्या कामाची वाट बघतं. हवं तर कळवा, लिस्टिंग पाठवतो.